तुम्ही विचारलंत म्हणून : आगाखानांची बेगम

"मॅडम, साताऱ्यात लक्ष्मीबाई पाटलांसारखी बाई होऊन गेली, आणि तुम्ही त्या आगाखानांच्या फ्रेंच बेगमेचं एवढं कौतुक का करता? तिचं मोठेपण तर लग्नातून आलेलं." शाळेची सहल पुण्याचा आगाखान पॅलेस पाहून आली की पालकांपैकी कुणीतरी हे विचारतंच. कस्तुरबांची समाधी पाहिली की मुलं 'आगाखान म्हणजे कोण?' असं विचारतात, आणि मी तिथून बेगमेपर्यंत जातेच.

आगाखान हे निझारी इस्माइली मुसलमानांचे इमाम. आपल्याकडचे बहुतेक खोजे त्यांना मानतात. गादी घराण्यातच चालते. पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शहा, हे ४८वे इमाम. त्यांची चौथी पत्नी इव्हेत लाब्रूस १९०६ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सेत गावी जन्मली. वडील ट्रामवर नोकरीला, आई शिवणकाम करायची. १९३० मध्ये ती 'मिस फ्रान्स' झाली. पुढे इजिप्तमध्ये दोघांची ओळख झाली, तिनं इस्लाम स्वीकारला आणि १९४४ मध्ये लग्न झालं. नवं नाव उम्म हबीबा. १९५४ मध्ये तिला 'माता सलामत' हा किताब मिळाला. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. हे सगळं लग्नातून आलं.

पण ११ जुलै १९५७ ला आगाखान गेले आणि मृत्युपत्र उघडलं. मुलांना बाजूला ठेवून त्यांनी गादी नातवाला, करीमला, दिली होती. करीम तेव्हा अवघ्या विशीतला, हार्वर्डला शिकणारा. त्याच मृत्युपत्रात लिहिलं होतं, की पहिली सात वर्षं नव्या इमामानं धोरणाच्या बाबतीत माझ्या या पत्नीचा सल्ला घ्यावा. माझ्या अनुयायांचे प्रश्न तिला ठाऊक आहेत आणि तिच्या समजुतीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. सासरे होते तोवर शेताचा, देण्याघेण्याचा सगळा हिशोब सासूबाईंच्या तोंडावर असायचा. सासरे गेले, वाटण्यांची बैठक बसली, आणि सासूबाई आत चहा टाकत होत्या. बाहेर त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. परक्या घरातून, परक्या धर्मातून आलेल्या, गादीला वारस न दिलेल्या बाईच्या शहाणपणावर भरवसा आहे, असं नवऱ्यानं कागदावर लिहून ठेवावं, याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. असा भरवसा लग्नाच्या दिवशी मिळत नाही. तो तेरा वर्षांच्या संसारात तिनं कमावला.

तिच्याबद्दल सगळे सांगतात ती गोष्ट गुलाबाची. आगाखानांची कबर इजिप्तमध्ये आस्वानला, नाईलच्या पश्चिम काठावर आहे आणि तिथं रोज एक लाल गुलाब ठेवला जाई. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण विधवेची आठवण तेवढ्यावरच थांबवलेली मला आवडत नाही. नवऱ्यामागं ती ४३ वर्षं जगली, आणि त्या आयुष्यात फुलापलीकडे पुष्कळ होतं.

लक्ष्मीबाईंशी तिची तुलना मी करणार नाही, तुम्हीही करू नका. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या, बोर्डिंगमधल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं आणि १९३० मध्ये त्या गेल्यासुद्धा. रयत शिक्षण संस्थेचा पसारा पाहायला त्या उरल्या नाहीत. स्वतःच्या ताटातलं देणं ते हेच, त्याची सर कशालाच नाही. बेगमेकडे पैसा भरपूर होता, आयुष्यही लांबलचक मिळालं. तरी पैसा आणि वेळ दोन्ही हाताशी असलेली माणसं त्याचं काय करतात, हे आपण आजूबाजूला पाहतोच. म्हणून मुलींना मी दोघींचं सांगते.

बेगमेनं आस्वानमध्ये स्वतःच्या नावाची संस्था उभी केली. नवऱ्याची कबर जिथं, त्याच मुलखातल्या गरिबांसाठी. तिथल्या लोकांचं शिक्षण, आरोग्य आणि रोजचं जगणं सुधारावं हा तिचा उद्देश. नवं काही सुरू करायला आता उशीर झाला, असं आमच्या महिला मंडळातल्या साठीच्या बायका म्हणतात, तेव्हा मी त्यांना या संस्थेचं साल सांगते : १९९१. बेगम तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होती.