टॉम सॉयर का बदलल्यासारखा वाटतो?

मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’मधला टॉम ज्यांना मनापासून आवडतो, ते ‘हकलबरी फिन’च्या शेवटच्या दहा प्रकरणांत हिरमुसतात. वर्गातल्या बेकीची छडी स्वतःवर घेणारा, खुनाचा खोटा आळ आलेल्या मफ पॉटरसाठी कोर्टात उभा राहणारा हा मुलगा इथे पकडून कोंडलेल्या फरारी गुलामाच्या, जिमच्या खोपटात साप, उंदीर, कोळी सोडतो. खाटेचा पाय उचलला की जिमची साखळी निघते, तरी पाय करवतीनेच कापायचा हट्ट धरतो. हा खेळ तीन आठवडे चालतो. आणि जिमची मालकीण मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला मुक्त केलंय, हे टॉमला पहिल्यापासून माहीत असतं!

वय वाढलं म्हणावं, तर पुस्तकं १८७६ आणि १८८४ची असली तरी दुसरी गोष्ट पहिलीच्या शेवटालाच जोडून सुरू होते.

माझ्या मते टॉमचा स्वभाव तसूभरही बदललेला नाही. पहिल्या पुस्तकाचं पंधरावं प्रकरण काढा. मुलं बुडाली असं समजून गाव शोक करतंय. टॉम रात्री चोरून घरी येतो. ‘आम्ही मेलो नाही’ असं लिहिलेलं झाडाचं साल पॉली मावशीच्या मेणबत्तीपाशी ठेवतो आणि परत खिशात घालतो, कारण रविवारी स्वतःच्याच अंत्यविधीला हजर होण्याची कल्पना त्याला सुचलेली असते. सुटकेची बातमी हातात असताना नाट्यासाठी ती दाबून ठेवायची, ही खोड तेव्हाचीच. पण तिथे निवेदक टॉमच्या मनात शिरतो आणि निजलेल्या मावशीचा त्याने घेतलेला मुकाही दाखवतो. पुढे ते साल मावशीच्या हाती लागतं आणि ती विरघळते. तिच्याबरोबर आपणही.

दुसरं पुस्तक टॉमचा मित्र हकलबरी, म्हणजे हक, सांगतो. टॉमच्या मनात शिरणं त्याला शक्य नाही. तो टॉम काय करतो तेवढंच सांगतो, तेही त्याला थोर मानून. शिवाय हकने जिमसाठी नरकात जायचीही तयारी केल्याचं आपण एकतिसाव्या प्रकरणात नुकतंच वाचलेलं असतं. त्या प्रकाशात टॉमची पुस्तकी साहसं खुजी दिसणारच. ट्वेनने हे जाणूनच केलं असावं. प्रथमपुरुषी गोष्टीला टॉम चालणार नाही, असं त्याने १८७५मध्येच आपला लेखक-संपादक मित्र हॉवेल्स याला पत्रातून कळवलं होतं.

किंमत मोजणारा माणूसही बदलतो. पॉली मावशीचं रडणं रविवारी संपतं. इथे जिमला पळवताना टॉमच्या पोटरीत गोळी घुसते, आणि डॉक्टर येईपर्यंत जिम त्याला सोडून जात नाही. म्हणून तो पुन्हा पकडला जातो, पुन्हा साखळीत अडकतो. शेवटी टॉम त्याला ‘चांगला कैदी’ झाल्याबद्दल चाळीस डॉलर देतो.