तानपुरा पंख्याच्या खात्यात

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळी गायला येणाऱ्या सात जणी यायच्या थांबल्या. पंधरा दिवस वाट पाहिली. मग भाच्याने फोनवर व्हिडिओ कॉलचं ॲप टाकून दिलं. फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवला, मिरजेहून आणलेला तानपुरा घेतला. त्या दिवशी जवारी, तारांची ती गुंजणारी झणक, काय सुरेख लागली होती! डोळे मिटून छेडत होते, तर पाच मिनिटांनी एकीने विचारलं, "ताई, तानपुरा कधी लावणार?"

मी चाट.

भाच्याने उलगडा केला. ही ॲपं बोलण्यासाठी केलेली. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मिक्सर, असं धरून ती तो गाळून टाकतात. माझा षड्ज पंख्याच्या खात्यात गेला होता! सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' असं एक बटण सापडलं. ते चालू केल्यावर तानपुरा आला, आणि त्याच्या मागोमाग कुकरच्या शिट्ट्या, कबुतरं आणि गल्लीतला भंगारवालाही. लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली माझी एक शिष्या तेव्हा पुन्हा शिकायला लागली होती. आलाप अर्ध्यावर सोडून म्हणाली, "ताई, अजून तोच येतो का हो?"

तोच येतो.

सुराचं असं निभावलं, लयीचं काही जमेना. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. माझा ठेका तिकडे पोहोचून तिचा सूर इकडे यायला पाव सेकंद लागला, तरी माझ्या कानाला ती अर्धी मात्रा मागेच. ती बिचारी तिच्याकडे बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची आणि मी इथून ओरडायचे, "सम गेली!" दोन आठवडे बोलणी खाल्ली तिने, तीही मुकाट्याने. हे आठवलं की अजून ओशाळायला होतं.

मग एकत्र गाणं बंदच केलं. ठेका आणि तानपुरा ज्याने त्याने आपापल्या फोनवर लावायचा, स्वर तेवढा एक, पेटीची पांढरी चार. मी गाऊन दाखवणार, मग माझा माइक म्यूट, की तिने गायचं. पलटे, म्हणजे सरावाच्या स्वरावली, व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून पाठवायचे. यात एक बरं झालं. वर्गात दुसरीच्या आवाजाआड लपून गाणाऱ्या दोघी उघड्या पडल्या आणि वर्षभरात त्याच सगळ्यांच्या पुढे गेल्या.

गुरुवारी मी वर्ग ठेवत नाही, दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही. न्यू जर्सीची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तासभर सरकतात, तेही भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवलंय.

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीवाली पुण्याला आली. समोर सतरंजीवर बसली. भूप लावला, बंदिशीचा मुखडा घेतला आणि हाताने खूण केली, चल बरोबर. ही गप्प. दुसरं आवर्तन झालं, तिसरं झालं.

"अगं, गा की!"

"हो ताई," ती गडबडून म्हणाली, "तुम्ही म्यूट कधी करताय ते बघत होते."