समुद्राचा माल आमच्या ग्राइंडरवर

मी जळगावला एमआयडीसीत एका दाण्याच्या युनिटवर सुपरवायझर आहे. दाणा म्हणजे ज्वारीचा नाही हो, प्लास्टिकचा. भंगार निवडायचं, धुवायचं, ग्राइंडरमध्ये चुरा करायचा, मग वितळवून त्याच्या शेवया काढायच्या आणि कापून गोण्या भरायच्या. इथले चटईवाले हाच दाणा घेतात, जळगावची चटई सगळीकडे जाते ती अशीच बनते.

एप्रिलमध्ये मालाची टंचाई होती आणि तेवढ्यात दलालाचा फोन आला की गुजरातच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांचे जुने दोर, जाळ्या आणि किनाऱ्यावर गोळा केलेलं मिक्स प्लास्टिक आहे, रेट एकदम खाली. शेठ म्हणाले घेऊन टाक.

गाडी आली, ताडपत्री काढली आणि काय वास भो! जळगावचं एप्रिलचं ऊन आणि त्यात सडक्या मासळीचा वास, अर्ध्या तासात आजूबाजूची सगळी मांजरं आमच्या गेटवर. निवडणीच्या बायका नाकाला पदर लावून बसल्या, पण त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी एक दोर हातात घेतला, उलटापालटा केला आणि सरळ सांगून टाकलं, "भाऊ, हाऊ माल काही कामना नही."

दोराच्या पिळात पांढरे टोकदार कवचाचे खडे चिकटले होते, म्हणजे एखाद्या समुद्री जीवाने तिथे घरच केलेलं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तरी निघेनात, आणि पीळ उलगडला की आतून बारीक रेती, ती धुतली तरी परत निघतेच. ग्राइंडरची पाती दुपारपर्यंत बोथट झाली, एरवी तीच पाती किती दिवस चालते.

मग निवडायचा प्रश्न. आमच्याकडे लॅब वगैरे काही नाही, बादली आणि लायटर. तुकडा पाण्यात टाकायचा, तरंगला तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) नाहीतर एचडी (घट्ट जातीचं पॉलिथिलीन), बुडाला तर नायलॉन किंवा बाटलीचा माल. जाळून वास घ्यायचा, मेणबत्तीसारखा आला तर एचडी, केस जळाल्यासारखा आला तर नायलॉन. पण या लॉटमध्ये दोन्ही दोरे एकमेकांत असे गुंतलेले की वेगळे करायला बायकांची अख्खी पाळी गेली आणि तरी नायलॉन राहिलंच. पीपी १६५ डिग्रीच्या आसपास वितळतं, नायलॉनला २२० लागतात, त्यामुळे त्याच्या गाठी तशाच पुढे आल्या आणि मशीनची जाळी चोक. जाळी बदलली, परत चोक.

तरी रेटून थोडा दाणा काढला आणि ओळखीच्या चटईवाल्याकडे सॅम्पल नेलं. त्याची पट्टी ताणली की तुटायची. तो म्हणाला, माल मेलाय. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. उन्हात वर्षानुवर्षं पडलेलं प्लास्टिक आतून तुटतं, त्याच्या लांब साखळ्यांचे तुकडे होतात, आणि समुद्रात तर ऊन, खारं पाणी, वरून लाटांची घासाघास. ते कुजत नाही, नुसतं बारीक बारीक होत जातं, मग मासे ते खातात. समुद्रातून प्लास्टिक काढून त्याचे बूट-चपला बनवल्याच्या बातम्या मी पण आवडीने वाचायचो, आता वाचतो तेव्हा आधी मनात येतं की यातलं नेमकं किती वितळलं असेल.

त्याच ढिगात काळ्या ठिबकच्या नळीचा दीड-दोन हात लांब तुकडा निघाला, आणि केळीच्या घडाला घालतात तशा स्कर्टिंग बॅगची फाटकी चिंधी. आपल्याकडचीच असेल असं म्हणत नाही, गुजरातेतही केळी आहे, ठिबक आहे, आणि मधे तापीवर उकाईचं धरण आहे. पण तापी मुलताईहून निघून भुसावळ, शिरपूर, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर जाऊन सुरतच्या पुढे अरबी समुद्रालाच मिळते ना. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि सुरत बुडालं, तसल्या पाण्यात काय काय वाहून गेलं असेल त्याचा हिशोब कोण ठेवणार. रावेर-यावलकडे बांधावर जुन्या नळ्यांची भेंडोळी पावसाळ्यापर्यंत तशीच पडून असतात, ती तर रोज दिसतात.

पण खरं डोक्यात बसलं ते वेगळंच. संध्याकाळी धुण्याच्या टाकीपाशी उभा होतो. जाळीतून मोठा चुरा अडतो, बारीक जातो, हे माहीत होतंच, पण त्या दिवशी मरतुकडा माल होता म्हणून पाणी जास्तच गढूळ. काचेच्या ग्लासात भरून उन्हात धरलं तर निळे-हिरवे कण चमकत होते, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे. ते पाणी नाल्यात, नाला नदीला. म्हणजे समुद्राचा कचरा आम्ही ट्रकने इकडे आणला आणि बारीक करून परत तिकडेच रवाना केला.

शेठना ग्लास नेऊन दाखवला. ते म्हणाले, सगळेच असं करतात. मी म्हटलं, तीन टाक्यांचं सेटलिंग करू, म्हणजे गाळ खाली बसेल, शेवटच्या टाकीला बारीक कापडाचा फिल्टर लावू, पाणी फिरवून वापरलं तर टँकरचं बिलही वाचेल. टँकरचं म्हटल्यावर जरा ऐकून घेतलं. पण तळाला साचणारा गाळ कुठे टाकायचा, हा त्यांचा प्रश्न बरोबर आहे. तो वाळवून सिमेंटच्या भट्टीत जाळायला देता येतो, पण एवढ्याशा गाळासाठी कोण गाडी पाठवणार, ते अजून चौकशीत आहे. खर्चाचं पावसाळ्यानंतर बघू म्हणत होते, मी म्हटलं पहिल्याच पावसात टाकी भरून वाहते, नंतर काय उपयोग. शेवटी मेस्त्रीला मापं घ्यायला बोलावलंय. नायलॉन एका घेणाऱ्याने उचललं, कवचवाले दोर अजून मागे पडलेत, आणि दलाल परत फोन करतोय, दुसरा लॉट आहे, अजून स्वस्त.