तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हवे ते काढा’ असे मी का सांगत नाही

चित्रकला हा मनाच्या हौसेचा विषय असताना तुम्ही मुलांना ‘हवे ते काढा’ असे का सांगत नाही, हा प्रश्न मला पालकसभेत हमखास विचारला जातो. तसे सांगून पाहिले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी पूर्ण मोकळीक दिली, तेव्हा 35 मिनिटांचा तास संपल्यावर हाती आलेल्या निम्म्याहून अधिक कागदांवर दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नागमोडी नदी होती. ते चित्र कधी चुकत नाही आणि त्यावरून कोणी बोलत नाही, हे मुलांना पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या टोकाला ग्रेड परीक्षा आहेत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे सारे आखून दिलेले असते. इंटरमीजिएटच्या अ, ब, क श्रेणीला दहावीत अनुक्रमे 7, 5 आणि 3 वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकही चौकशीला येतात. या गुणांना मी नावे ठेवणार नाही, कारण एरवी ब्रश हाती न धरणारी मुले त्यांच्या ओढीने येतात आणि त्यांचा हात वळतो. निकालानंतर रंगपेटी माळ्यावर जाते, एवढेच.

म्हणून मी निवड देते ती अरुंद देते. ‘स्वयंपाकघरातली रोज हाताळली जाणारी एक वस्तू आणा’ असे सांगते. ती कोणती आणायची, कुठल्या बाजूने पाहायची, पेन्सिलीने काढायची की कोळशाने, आणि चित्र पुरे झाले हे केव्हा म्हणायचे, हे मात्र मुलाने ठरवायचे. (शेवटचा निर्णय सर्वांत अवघड जातो, ‘बाई, झालं का?’ असे विचारत मुले रांग लावतात आणि मी उत्तर देत नाही.)

एकदा डोंगर-सूर्यवाल्यांपैकीच एका मुलीने आजीचा पितळी अडकित्ता आणला. पहिल्या कागदावर तिने तो मिटलेला काढला आणि ‘हा तर चिमटा दिसतो’ म्हणून स्वतःच बाजूला सारला. दुसऱ्यावर तो उघडा होता, पण दोन्ही पाती खिळ्यापाशी जुळेनात. खोडून खोडून तिथे कागदाला भोक पडले. मग ती अडकित्ता कानाशी धरून सावकाश उघडमीट करत बसली आणि खिळ्याच्या कोणत्या बाजूने कोणते पाते वर येते ते तिने बोटाने चाचपून पाहिले. घंटा झाली तेव्हा तिसऱ्या कागदावर फक्त तो खिळा आणि त्याभोवतीचे बोटभर पितळ एवढेच उमटले होते. डबा खायला न जाता तिने विचारले, ‘बाई, पुढच्या तासाला पण हाच काढला तर चालेल?’