भिंतीची नोंद, सातवा महिना: एक बोल्ट आणि बोनाती

आधी आकडे, खडक चढण्यासाठीच्या बोटांच्या सरावाचे. २० मिलिमीटरच्या पट्टीवर सात सेकंद लोंबकळायचं, तीन सेकंद हात मोकळे, असं सहा वेळा म्हणजे एक संच. एप्रिलमध्ये दुसऱ्या संचालाच बोटं उघडायची. आता चार संच होतात आणि शेवटच्या फेरीतही पकड टिकते. श्रावणात उजव्या अनामिकेच्या दुखण्याने डोकं वर काढलं होतं, तेव्हा दोन आठवडे पट्टीला हात लावला नाही, मोठ्या होल्ड्सवर (पकडींवर) नुसतं पायांचं काम केलं. ज्यांची बोटं आत्ता ठणकतायत त्यांना कळकळीने सांगते, थांबा. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा फार सावकाश.

दुसरी नोंद दोराची. खंडेनवमीला आम्ही सगळं गिअर सतरंजीवर मांडून झेंडूची फुलं वाहतो. त्या निमित्ताने दोर टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवला. एका टोकापासून चारेक मीटरवर बोटांना मऊ जागा लागली. तिथे दोर चिमटीत धरून दुमडला तर सपाट होऊन मिटत होता, वेढ्याला गोलाई राहत नव्हती. वरची साल शाबूत, आतला गाभा गेलेला. नुसतं टोक कापून दोर वापरता आला असता. पण त्याने सहा हंगाम काढलेत, त्यामुळे अख्खाच निवृत्त केला आणि तुकडे करून टाकले, म्हणजे कुणी चुकूनही त्यावर लीड करायचं नाही, म्हणजे तो बांधून सगळ्यात पुढे चढायचं नाही.

आता भिंत. मावळातला आमचा रूट, म्हणजे चढायची वाट, वीसेक मीटरचा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टमध्ये (दोर अडकवायला खडकात ठोकलेल्या खिळ्यांमध्ये) साडेतीन मीटरचं अंतर, आणि क्रक्स, म्हणजे सगळ्यात अवघड जागा, नेमका तिथेच: डावा हात उभ्या चिरेत, उजवा पाय बोटभर कंगोऱ्यावर, आणि उजव्या हाताची पकड वर आहे पण खालून दिसत नाही. मे महिन्यात पहाटे जाऊन तिथे चार वेळा पडले. चारही वेळा बिले (खालून दोर सांभाळणं) उत्तम होता, पण पाचव्यांदा त्या कंगोऱ्यावर पाय ठेवायला मन तयार होईना.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेलो. गवत अजून कमरेइतकं, खडकाचा पायथा ओलसर. वाळेपर्यंत खाली भडंग आणि थर्मासमधला चहा. तेवढ्यात आमच्यातला एकजण म्हणाला, "ताई, मध्ये एक बोल्ट ठोकू. अर्ध्या तासाचं काम आहे." हातोडी आणि ड्रिल त्याने आणलंही होतं. मी नको म्हटलं. का नको, यावरून सुरू झालेलं बोलणं बघता बघता आमच्या नेहमीच्या वादावर गेलं: आजवरचा सगळ्यात मोठा आरोहक कोण? भिंत वाळली, ऊन वर आलं, तरी वाद संपेना. माझं मत त्या दिवशी नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्याकडच्या तरुण मुलांचं उत्तर ठरलेलं असतं, अ‍ॅलेक्स होनल्ड. ३ जून २०१७, अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटनची जवळजवळ ९०० मीटरची भिंत, दोराशिवाय, ३ तास ५६ मिनिटांत. माझ्या मते माणसाने स्वतःच्या भीतीवर मिळवलेला एवढा ताबा खडकावर दुसरीकडे दिसलेला नाही. पण जगातला सगळ्यात अवघड खडक कोणी चढला असं विचाराल तर नाव अ‍ॅडम ओंड्राचं येतं. त्याच वर्षी नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत त्याने जगातला पहिला ९सी रूट, म्हणजे अवघडपणाच्या मोजपट्टीवर तोवरच्या सगळ्या रूटच्या वरचा, पूर्ण केला. हे दोघेही खडकाचे राजे. आपला प्रश्न मात्र खडक आणि डोंगर दोन्हींचा आहे, आणि तिथे यादी एकदम छोटी होते.

एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, "तू स्वतः बाई असून लिन हिलचं नाव घेत नाहीस?" घेते ना, मोठ्या अभिमानाने घेते. एल कॅपिटनवरचा नोज हा रूट १९५८ मध्ये वॉरन हार्डिंग आणि साथीदारांनी पहिल्यांदा चढला, तो दीड वर्षात विभागलेल्या ४७ दिवसांत. शेवटच्या रात्री वरच्या ओव्हरहँगवर (पुढे झुकलेल्या खडकावर) हार्डिंगने हाताने २८ बोल्ट ठोकले. लिन हिलने तोच रूट १९९३ मध्ये फ्री केला, म्हणजे दोर फक्त पडलं तर धरायला, वर चढायचं ते हातापायांवर. पुढच्या वर्षी तिने तो एका दिवसात फ्री केला आणि त्यानंतर ११ वर्षं एका दिवसात ते कोणालाही जमलं नाही. खडकापुरतं बोलायचं तर माझं मत तिलाच. पण हिमालयातला थंड वारा, विरळ हवा आणि रात्री तिच्या वाटेतच नव्हत्या, आणि तिने तसा दावाही कधी केला नाही.

मग मेसनर. आमचे वयाने मोठे असलेले दादा इथे कधी मागे हटत नाहीत, आणि त्यांची बाजू खरोखरच भक्कम आहे. राइनहोल्ड मेसनर आणि पेटर हाबेलर १९७८ मध्ये कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर गेले, तेव्हा तिथून परतणाऱ्याचा मेंदू धड राहणार नाही असं जाणकार सांगत होते. १९८० मध्ये मेसनर तिबेटच्या बाजूने एकटा गेला, पुन्हा ऑक्सिजनशिवाय. १९८६ मध्ये चौदाही आठ हजारी, म्हणजे ८,००० मीटरहून उंच, शिखरं पूर्ण करणारा तो पहिला ठरला. अन्नपूर्णेवर तो खऱ्या माथ्याच्या काही मीटर अलीकडे थांबला असावा, असा वाद अलीकडे उकरून काढला गेला. त्या काही मीटरांनी त्याच्या कामगिरीत काडीचाही फरक पडत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण दोर कापत होते तेव्हा डोक्यात दुसराच माणूस होता. येझी कुकुच्का, पोलंडच्या कातोवित्सेचा. पैसे नसायचे, तेव्हा पोलिश गिर्यारोहक कारखान्यांची धुराडी दोरावर लटकून रंगवायचे आणि त्या कमाईवर हिमालयात यायचे. चौदा शिखरं त्याने आठ वर्षांच्या आत केली. त्यातलं एक ल्होत्से सोडलं तर प्रत्येक शिखर नव्या वाटेने किंवा ऐन हिवाळ्यात. आणि त्याच ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर, २४ ऑक्टोबर १९८९ला, ८,००० मीटरच्या वर तो लीड करताना घसरला आणि दोर तुटला. सहा मिलिमीटरचा, काठमांडूच्या बाजारातून घेतलेला वापरलेला दोर होता तो. एवढा माणूस, आणि सहा मिलिमीटर! माझ्या दोराचा मऊ पडलेला भाग मी हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते.

आता माझं उत्तर: इटलीचा वॉल्टर बोनाती.

ऑगस्ट १९५५, फ्रान्समधल्या शामोनीजवळची द्रू नावाची ग्रॅनाइटची सुई, तिचा नैऋत्य स्तंभ. बोनाती २५ वर्षांचा, एकटा, भिंतीवर सहा दिवस. चढताना तो अशा जागी आला की वर गुळगुळीत खडक, आजूबाजूला काही नाही आणि उतरून परत जायचीही सोय नाही. काही अंतरावर पलीकडे खडकाचे काही सुटे दात दिसत होते. तिथे बोल्ट ठोकत जाणं हा एक उपाय होता, आणि बोनाती बोल्ट वापरत नसे. त्याने दोराच्या टोकाला गाठी आणि फासे बांधले, त्यांचा जुडगा केला आणि त्या दातांकडे फेकायला लागला. किती वेळा फेकला, किती वेळा सुटून आला. शेवटी तो कुठेतरी अडकला. किती पक्का अडकलाय हे कळायला मार्ग नव्हता. त्याने दोराला जीव सोपवला, खालच्या पोकळीवर झोका घेतला आणि दोराला धरून हातांवर वर गेला. तो स्तंभ आता उभा नाही, २००५ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. ज्या खडकावर त्याने हे केलं तो खडक गेला, ही गोष्ट मला दर वेळी चटका लावते.

हा झाला खडक. डोंगरावर १९५८ मध्ये कार्लो माउरीबरोबर काराकोरममधल्या गाशरब्रुम ४ची पहिली चढाई त्याने केली. उंची ८,००० मीटरला थोडी कमी, म्हणून यादीबाज लोक तिकडे बघत नाहीत, पण जाणत्यांच्या लेखी ते कित्येक आठ हजारींहून अवघड आहे. आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या उत्तर भिंतीवर, भर हिवाळ्यात, एकट्याने नवी वाट. त्यानंतर अशी टोकाची चढाई त्याने सोडून दिली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर. गाजत असताना थांबणं किती कठीण असतं, हे ज्यांनी एक हंगामही सक्तीने विश्रांती घेतलीय त्यांना ठाऊक आहे.

के२ या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरची १९५४ची रात्र मात्र बोनातीच्या एकट्याच्या नावावर लिहिणं मला पटत नाही. त्या रात्री दोघे होते. बोनाती आणि पाकिस्तानातल्या हुंझाचा आमिर मेहदी, शिखरावर जाणाऱ्या जोडीसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर पाठीवर घेऊन. ठरल्या जागी तंबू नव्हता, वर हलवला होता. अंधार झाला, आणि सुमारे ८,१०० मीटरवर, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, असे ते दोघे बर्फात पहाटेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी शिखर सर झालं ते त्यांनी आणलेल्या सिलिंडरांवर. मेहदीने पायांची बोटं गमावली. बोनातीवर पुढे खोटे आरोप झाले आणि त्याची बाजू इटलीच्या अल्पाइन क्लबने अधिकृतपणे मान्य करायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. मेहदीचं नाव घ्यायला त्याहूनही उशीर झाला. थोर कोण ही चर्चा करताना आम्ही त्याचं नाव आता मुद्दाम घेतो, आणि तुम्हीही घ्यावं.

दादांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, बोनातीने एव्हरेस्टवर पाऊल ठेवलेलं नाही, मग तुलना कसली? माझं म्हणणं, अवघडपणा उंचीच्या आकड्यात मोजला की कुकुच्काची हिवाळ्यातली वाट आणि फिक्स रोप लावलेली तयार वाट सारखीच दिसायला लागते. बोनातीच्या बाबतीत मी हे बघते की खडकावर जो नियम त्याने स्वतःला घातला, तोच बर्फावर पाळला, आणि तिथे कोणी बघायला नव्हतं.

तर बोल्ट ठोकला नाही. आमचा खडक बसाल्ट, ग्रॅनाइटसारख्या सलग चिरा इथे मिळत नाहीत आणि सह्याद्रीतल्या कितीतरी सुळक्यांवर बोल्टशिवाय गत्यंतर नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आधी शोधायचं. टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) जाऊन डाव्या हाताची ती उभी चीर टूथब्रशने साफ केली. कोपरभर वरती, मातीने भरलेली एक अरुंद जागा निघाली, आतून रुंद आणि तोंडाशी निमुळती होत गेलेली. मधल्या आकाराचा एक नट (चिरेत अडकवायची, काढता येणारी धातूची पाचर) तिथे खाली ओढल्यावर खट्कन बसला.

पुढच्या रविवारी, नव्या दोरावर, सात वाजता लीडला गेले. तिसरा बोल्ट, मग नट, मग कंगोऱ्यावर पाय. उजवा हात पकडीपर्यंत गेला, दोन बोटं आत गेली आणि पाय सुटला. नटने धरलं. दम घेऊन पुन्हा तिथूनच सुरू केलं आणि वरपर्यंत गेले. मध्ये पडले, म्हणून हा रूट पूर्ण झाला असं मी लिहीत नाही.

मागून चढून आलेल्या साथीदाराला तो नट सोडवायला दहा मिनिटं लागली.