आत्ता झोपले तरी…

झोप न लागणाऱ्या माणसाचं गणित रात्री फार पक्कं होतं. घड्याळात दीड वाजलेला दिसला की उत्तर तयार: आत्ता झोपले तरी साडेचार तास मिळतील. पावणेतीनला सव्वातीन तास. साडेतीननंतर वजाबाकी करायचा धीर होत नाही. एवढा हिशेब मांडून बसलेला मेंदू झोपणार कसा, हा प्रश्न त्या मेंदूला काही पडत नाही. म्हणून पहिला इलाज घड्याळावरच करावा. त्याचं तोंड भिंतीकडे, आणि मोबाइल गजर ऐकू येईल इतका जवळ पण हाताला लागणार नाही इतका लांब.

उशीला डोकं टेकताच घोरायला लागणारं एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतं. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण अशाच कुणीतरी रचली असणार. या मंडळींकडे सल्ल्यांचा साठा भरपूर. त्यातला सगळ्यांत लाडका सल्ला म्हणजे ‘डोळे मिटून पडून राहा, लागेल आपोआप’. माझ्या मते सगळ्यांत निरुपयोगीही तोच. नुसतं पडून राहण्यातच तर खरी ग्यानबाची मेख आहे.

रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये हे नेमकं हेरलं. रात्रीमागून रात्री अंथरुणात तळमळत काढल्या की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे, असंच डोक्यात बसतं. सोफ्यावर पेंगणारा माणूस गादीवर आडवा झाला की टक्क जागा होतो, तो यामुळेच. यावरचे बूटझिनचे नियम ऐकायला सोपे आहेत. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात शिरायचं नाही. तिथे वाचन, जेवण, फोन, उद्याची काळजी, काहीही करायचं नाही. सूट फक्त संसारातल्या एका गोष्टीला. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि पेंग आली की परत यायचं. परत येऊनही लागली नाही तर पुन्हा उठायचं. मिनिटं अंदाजानंच मोजायची, कारण घड्याळ भिंतीकडे तोंड करून बसलेलं आहे.

ऐकायला सोपे, पण पांघरुणातून बाहेर पडणं अगदी जिवावर येतं. ‘आता लागेलच’ अशी खात्री नेमकी तेव्हाच वाटू लागते. तरी उठावं. मंद दिवा लावून खुर्चीत बसावं. वाचायला काय घ्यावं, हा प्रश्न नाजूक आहे. रहस्यकथा घेतली तर संपलंच. मी वॉशिंग मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेते. ‘पाण्याचा निचरा होत नसल्यास’ हे प्रकरण या कामाला उत्तम. आधी नुसता कंटाळा येतो. मग एकच ओळ दुसऱ्यांदा वाचली जाते. मग नळी, गाळणी आणि झडप एकमेकांत मिसळतात आणि मान पुढे कलंडते. निघायचं ते या क्षणी. त्याआधी नाही, कारण थकवा वेगळा आणि झोप वेगळी. अंग मोडून आलेलं असतं, पाय ठणकत असतात, तरी पापण्या हलक्याच असतात. आपण थकव्यालाच झोप समजून आडवे होतो आणि मग झोप फसवते म्हणून चरफडतो.

दुसरा उपाय याहून आडमुठा. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की झोप कमी लागत असेल तर अंथरुणातला वेळच कमी करा. आठ तास लोळून जेमतेम साडेपाच तास झोप होत असेल, तर सध्या साडेपाचच तास अंथरूण वापरायचं. उठायची वेळ सहाची असेल, तर साडेबाराच्या आत आडवं व्हायचं नाही. तो वेळ बहुतेक सगळा झोपेनं भरायला लागला, की पाव-पाव तासानं वाढवत न्यायचं. पाच तासांच्या खाली सहसा उतरू देत नाहीत. सुरुवातीला दिवसा भयंकर झापड येते. त्यामुळे वाहन चालवणाऱ्यांनी, फेफरं येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा प्रयोग आपल्या मनानं करू नये.

हे चालतं कशामुळे? जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जातं आणि दिवस चढेल तसा झोपेचा दाब वाढतो. दुपारी तासभर ताणून देणं म्हणजे जेवणाआधी येताजाता चरण्यासारखं आहे. रात्री पानावर बसावं तर भूक गायब. चहा-कॉफीतलं कॅफीन आणखी लबाड. ते अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, आणि शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी शिल्लक असू शकते. ‘मला कॉफीनं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना बहुधा रात्री झोप लागते.

आता डोक्यातल्या भुंग्याचं काय? मेंढ्या मोजणं सोडून द्यावं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००२ मध्ये निद्रानाश असलेल्या लोकांवर पाहणी केली. विचारांऐवजी एखादं शांत, गुंतवून ठेवणारं दृश्य मनात रंगवायला ज्यांना सांगितलं होतं, ते काहीच न सांगितलेल्यांपेक्षा लवकर झोपले. मेंढ्यांमध्ये गुंतण्यासारखं आहे काय? मला जास्त पटलेला प्रयोग २०१८ चा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. माणसं सत्तावन्नच होती, म्हणजे फार मोठा प्रयोग नव्हे, पण यात खर्च आहे तो पेन्सिलीचाच. ‘बँक’ एवढंच लिहून भागत नाही. कोणतं खातं, कोणता कागद, किती वाजता, हे सगळं कागदावर उतरलं की मन तो विषय सोडतं.

व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नातल्या मानसोपचारतज्ज्ञाची युक्ती मात्र उलट्या दिशेची आहे. झोपायचा प्रयत्नच सोडा, उलट जागं राहायचा प्रयत्न करा. अंधारात डोळे उघडे ठेवून ‘बघू किती वेळ जागं राहता येतं’ म्हणायचं. झोपेच्या मागे लागणं थांबलं की बरेचदा डोळा लागतो. कधी मन ही चलाखी ओळखतं आणि खरंच जागं राहतं.

बाकी गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात: खोली थंड आणि अंधारी, रात्री दिवे मंद, झोपायच्या तास-दीड तास आधी ऊन पाण्यानं आंघोळ. आंघोळीनंतर शरीराचं आतलं तापमान उतरतं, ते झोपेला पोषक. दारूनं डोळा लवकर लागतो, पण पुढची रात्र तुटक जाते. आठवड्यातून तीन रात्री आणि असं तीन महिने चाललं, की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर गोळीच्या आधी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये केली. बूटझिन आणि स्पीलमनचे हे उपाय त्याच थेरपीचा भाग आहेत. झोपेत श्वास अडकत असेल, पाय वळवळत असतील किंवा मन कशातच लागत नसेल, तर डॉक्टरकडे जावं. चालू असलेली झोपेची गोळीही एकदम बंद करू नये.

या सगळ्यात मला जड जाणारा नियम एकच: रोज एकाच वेळी उठणं, रात्र कशीही गेली तरी, आणि रविवारीसुद्धा. रविवारी रात्री झोप आली नाही की आपण खापर सोमवारच्या कामावर फोडतो, पण सकाळी दहापर्यंत लोळण्याचाही त्यात मोठा वाटा असतो. सुट्टीच्या दिवशी सहाला उठून करायचं काय, ही तक्रार मात्र रास्त आहे. मी कपडे धुवायला टाकते. मशीन आता तोंडपाठच आहे.