वेलीला वळण जुलैतच लावायचं

आमच्या परसातला राक्षसी भोपळा बघायला येणारा प्रत्येक जण आधी खताचं विचारतो. कुठलं घालता, किती घालता. मी वेलीकडे बोट दाखवतो. पाच-सहाशे पौंडांचं फळ हवं असेल, तर जून-जुलैत रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून वेलीची कामं करावी लागतात, आणि माझ्या मते खताच्या पोत्यापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

मी मूळचा तासगावकडचा, द्राक्षबागेत वाढलेला. ओलांडा म्हणजे वेलीची मुख्य आडवी फांदी सरळ न्यायची, बगलफूट म्हणजे पानाच्या बगलेतून येणारी नवी फूट काढायची, वेळेवर शेंडा मारायचा, हे हाताला आधीच ठाऊक होतं. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये वेल तारेवर चढवायची नसते, मातीत गाडत न्यायची असते. बाकी नजर तीच लागते.

बी अटलांटिक जायंटचं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून ही जात घडवली. आज जगात जे विक्रमी भोपळे होतात, ते जवळपास सगळे याच वंशातले. बियांची ओळखही वजनावरून ठेवतात: आईफळाचं वजन, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग वर्ष. आमच्या राज्यातल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत २०१२ साली रॉन वॉलेस यांचा २००९ पौंडांचा भोपळा काट्यावर चढला. दोन हजार पौंड ओलांडणारा तो जगातला पहिला. ते वाचूनच मी या नादाला लागलो.

एप्रिलअखेर घरात कुंडीत बी टाकतो आणि थंडीची धास्ती सरली की मे महिन्यात रोप बाहेर लावतो. लावतानाच दिशा ठरते. पहिलं खरं पान ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला मुख्य वेल धावते, हा इथल्या जाणकारांचा ठोकताळा. सुरुवातीला वेल उभी वाढते, मग आडवी पडते. पडताना वाऱ्याने पिळवटली तर बुंध्याशीच चिरते. म्हणून खाली मातीची उतरती उशी करायची, आणि बांबूच्या दोन काठ्या फुलीसारख्या रोवून शेंडा हवा तिकडे धरून ठेवायचा. दर दोन दिवसांनी काठ्या पुढे सरकवायच्या.

मग फांद्या सुटतात. मुख्य वेलीच्या दोन्ही अंगांना निघणाऱ्या या फांद्या काटकोनात बाहेर न्यायच्या, एकमेकींत पुरेसं अंतर ठेवून. बुंध्याकडच्या लांब, शेंड्याकडच्या आखूड. वरून पाहिलं तर ख्रिसमसच्या झाडाचा आकार दिसतो. त्या फांद्यांना पुन्हा जी फूट येते, ती नखाएवढी असतानाच खुडायची. नाही खुडली तर पंधरवड्यात पानांचं रान माजतं, हवा खेळत नाही, भुरी म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी येते आणि आत पाय ठेवायला जागा उरत नाही. अण्णा तासगावहून व्हिडिओ कॉलवर वेल बघतात. परवा म्हणाले, "डाव्या अंगाला बगलफुटी राहिल्यात की रं." फोनच्या एवढ्याशा पडद्यावरून त्यांना ते दिसलं.

सगळ्यात मोठं काम गाडणीचं. पानाच्या प्रत्येक गाठीतून मुळं फुटतात, एक खाली जाणारं आणि एक पानाच्या बेचक्यातून वरच्या अंगाला. गाठीखाली थोडी माती उकरून कंपोस्ट घालायचं, वेल दाबून बसवायची आणि वरून माती ओढायची. मग प्रत्येक गाठ स्वतःचं पाणी आणि अन्न उचलू लागते. वारा आला तरी वेल हलत नाही. एकट्या बुंध्याच्या जोरावर एवढं फळ पोसलं जात नाही. माती तुडवली जाऊ नये म्हणून मी फांद्यांच्या मधल्या जागेत फळ्या टाकून ठेवतो आणि त्यांवरूनच चालतो.

परागीकरण सकाळी लवकर, हातानेच. फळ मुख्य वेलीवर, बुंध्यापासून दहा ते पंधरा फुटांवर धरतो. इतर कळ्या काढून टाकतो.

आणि आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कोवळ्या फळाचा देठ वेलीला चिकटल्यासारखा, अरुंद कोनात असतो. ऑगस्टमध्ये मोठ्या भोपळ्याचं वजन दिवसाला वीस-वीस किलोंनी वाढतं. त्याचे खांदे फुगले की ते वेलीला ढकलतात. देठ तरी फाटतो, वेल तरी दुमडते. म्हणून फळ चेंडूएवढं असतानाच वेलीला त्याच्यापासून दूर जाणारं वळण द्यायचं, म्हणजे फळ वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहतं आणि देठ वेलीशी काटकोनात येतो. रोज एखादा इंच, जास्त नाही. तेही दुपार कलल्यावर. सकाळी वेल पाण्याने टच्च असते आणि कडकन मोडते. उन्हाने मऊ पडली की ऐकते. फळाच्या आजूबाजूच्या दोन-तीन गाठी मी गाडत नाही, तिथली मुळं तोडतो, म्हणजे फळ उंच होताना वेल त्याच्याबरोबर वर उचलली जाते. वेलीचे धाग्यासारखे तणावेही कापतो, कारण ते मिळेल त्याला धरून बसतात. हे आठ-दहा दिवसांचं काम मला अख्ख्या हंगामात सर्वांत प्रिय आहे. बोटांना वेलीचा ताण कळतो आणि कुठे थांबायचं तेही कळतं.

इंग्लंडच्या पेटन जुळ्या भावांनी २०२५ साली १२७८ किलोंच्या, म्हणजे २८०० पौंडांच्याही वर फळ नेलं, आणि तेही हरितगृहात वाढवून. माझा गेल्या वर्षीचा ६१२ पौंडांचा होता. त्यापुढे जायचं तर मला आणखी पानं हवीत, म्हणून यंदा कुंपणाकडचं गवत काढून जागा वाढवली आहे.

तुमच्याकडे जागा कमी असेल तरी लावा. एकच रोप ठेवा, वेल कर्णाच्या दिशेने न्या म्हणजे लांबी मिळते. फांद्या आठ-आठ फुटांवर थांबवून शेंडे मातीत पुरा. आणि गाडणी टाळू नका.